पंगतीतून उठवलेले

1976-77 च्या मोसमात वर्किंग्टन हा क्लब 46 सामने खेळला. 4 जिंकला, 11 बरोबरीत सुटले, 31 हरला. 41 गोल केले आणि 102 खाल्ले. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत, त्यामुळे वर्षभराची कमाई झाली 19 गुण. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये चार डिव्हिजन मिळून 92 क्लब होते आणि वर्किंग्टन त्या उतरंडीत 92वा आला. आदल्या वर्षीही तो 92वाच होता. त्याआधीची दोन वर्षं 91वा.

इतका वाईट खेळलेला क्लब लीगबाहेर गेला तर त्यात रडण्यासारखं काय, असं कोणीही विचारेल. मलाही तो गेल्याचं दुःख नाही. खटकतं ते हे की त्या 46 सामन्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. मोसम संपल्यावर लीगच्या वार्षिक सभेत मतं पडली: बाहेरून अर्ज केलेल्या विम्बल्डनला 27, वर्किंग्टनला 21, बाहेरच्याच अल्ट्रिंचमला 12. विम्बल्डन आत आला, वर्किंग्टन बाहेर गेला. आणि बाहेर गेलेल्याने परत यायचं असेल तर कोणत्या वाटेने यावं, हे नियमांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं बाहेर खेळत राहायचं आणि एक दिवस याच सभेला आपली आठवण होईल अशी आशा धरायची, एवढंच हाती.

ही पद्धत काय होती ते आधी सांगतो. आजचा वाचक प्रीमियर लीगवर वाढलेला असल्यामुळे त्याला वाटतं, इंग्लंडमध्ये वर जाणं आणि खाली येणं हे पहिल्यापासूनच आहे. चार डिव्हिजनच्या आत ते होतंच. पण चौथ्या डिव्हिजनच्या खाली जमीन होती, दार नव्हतं. तळाच्या चार क्लबांना दर वर्षी 'पुन्हा निवडून द्या' असा अर्ज करावा लागे. त्यांच्यासोबत बाहेरचे क्लबही अर्ज करत. मग मतदान. मतदार कोण? पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनचे 44 क्लब, प्रत्येकाला एक मत. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनचे क्लब होते 'सहयोगी सभासद', त्या सगळ्यांना मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी मतं. आपल्याकडे सहकारी सोसायटीत नाममात्र सभासद असतो, सभेला बसतो पण ठरावावर त्याचं काही चालत नाही, तशी त्यांची अवस्था. म्हणजे चौथ्या डिव्हिजनमध्ये कोण राहणार हे ठरवणारे बहुतेक जण चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळतच नव्हते. वर्किंग्टनच्या मैदानावर ज्यांचा संघ कधी उतरणार नव्हता, त्यांच्या हातात वर्किंग्टनचं भवितव्य.

गावाविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण नुसत्या आकड्यांत हा क्लब फारच केविलवाणा दिसतो. वर्किंग्टन इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर आहे, स्कॉटलंडच्या तोंडाशी. कोळसा आणि पोलाद हे त्याचं जगणं, आणि रेल्वेचे रूळ ही त्याची ख्याती. ब्रिटनमधली शेवटची बेसेमर भट्टी इथे होती, ती 1974 मध्ये विझली. 1951 मध्ये क्लब लीगमध्ये आला. पुढे लिव्हरपूल घडवणारे बिल शँक्ली 1954-55 मध्ये इथले व्यवस्थापक होते. जानेवारी 1958 मध्ये एफए कपात (लहानमोठे सगळे क्लब जिथे एकमेकांशी भिडतात त्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत) मँचेस्टर युनायटेडचा संघ इथल्या बरो पार्कवर आला तेव्हा 21,000 माणसं जमली होती. मध्यंतराला वर्किंग्टन पुढे होता, मग व्हायोलेटने तीन गोल केले आणि युनायटेड 3-1 जिंकला. महिनाभराने म्युनिकला त्या संघाचं विमान कोसळलं. 1964 मध्ये वर्किंग्टनने तिसऱ्या डिव्हिजनमध्ये बढतीही मिळवली होती. सत्तरचं दशक येईस्तोवर मात्र मैदानावर हजार-दीड हजार लोक येऊ लागले. भट्टी विझली त्याच वर्षी क्लब पहिल्यांदा 91व्या जागी आला होता. या दोन गोष्टींचा थेट धागा जोडण्याचा मोह मी टाळतो, पण गावाचा खिसा रिकामा झाला की फाटकावरचा गल्लाही रिकामा होतो एवढं तरी खरं.

त्या पद्धतीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो वजनदार आहे. मतदान होतं म्हणूनच गरीब गावांचे क्लब टिकले, असं तिचे समर्थक म्हणत. हार्टलपूलचं उदाहरण देत. हार्टलपूलने 14 वेळा पुन्हा निवडून येण्यासाठी हात जोडले आणि प्रत्येक वेळी त्याला ठेवून घेतलं गेलं. वर्किंग्टनलाही आधीच्या तीन वर्षांत तीनदा ठेवून घेतलं होतंच. एखाद्या वर्षी दुखापती झाल्या, पैसा आटला, म्हणून पन्नास वर्षांचा क्लब एका मोसमात कडेलोट करायचा का? सभेत बसलेली माणसं त्या क्लबचा इतिहास जाणतात, गाव जाणतात. गुणतक्ता काहीच जाणत नाही. दया दाखवायची जागा माणसांकडेच असते.

हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. पण मग ती दया वाटली कशी गेली ते बघू या. 1972 मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या 24 क्लबांत बॅरो 22वा आला, त्याच्या खाली स्टॉकपोर्ट आणि क्रू होते. ते दोघं राहिले, बॅरो गेला. 1978 मध्ये रॉचडेल 24 गुणांसह अगदी तळाला होता, साउथपोर्ट 31 गुण घेऊन त्याच्या वर. रॉचडेल राहिला. साउथपोर्ट आणि बाहेरून अर्ज केलेला विगन यांना पहिल्या फेरीत सारखी मतं पडली, दुसऱ्या फेरीत विगनला 29 आणि साउथपोर्टला 20. साउथपोर्ट गेला. त्याआधी 1960 मध्ये गेट्सहेड तळाचा नव्हता, तोही गेला. आपल्याकडे पंगतीत एकाच्या पानात साजूक तूप आणि शेजारच्याच्या पानात नुसता भात वाढला तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणाऱ्याच्या औदार्याचं कौतुक कोणी करत नाही. दयेला निकष नसेल तर ती ज्याची ओळख त्याच्या वाट्याला येते. नकाशावर ही नावं शोधा: गेट्सहेड, बॅरो, वर्किंग्टन, साउथपोर्ट. चौघंही उत्तरेचे. त्यातले बॅरो आणि वर्किंग्टन तर रस्ता संपतो तिथे, समुद्राला लागून. तिकडे जायचं म्हणजे संघाच्या बसचा अख्खा दिवस. मतपत्रिकेवर कारण लिहायचं नसतं, त्यामुळे कोणाच्या मनात काय होतं हे सिद्ध करता येत नाही. नेमकं हेच माझं गाऱ्हाणं आहे. गुणतक्त्याला कारण विचारता येतं आणि तो ते देतो.

आत आलेल्यांचं काय? तेही आठवून पाहावं असे आहेत. 5 फेब्रुवारी 1972 ला हेरेफोर्डच्या चिखलाने माखलेल्या मैदानावर रॉनी रॅडफर्डने तीस यार्डांवरून जो चेंडू मारला, तो अजूनही दर जानेवारीत ब्रिटिश टीव्हीवर दिसतो. जादा वेळेत रिकी जॉर्जने दुसरा गोल केला आणि पहिल्या डिव्हिजनचा न्यूकॅसल साउदर्न लीग या बाहेरच्या स्पर्धेतल्या क्लबकडून 2-1 हरला. चारच महिन्यांनी हेरेफोर्ड मतदानाने लीगमध्ये आला. तो त्या वर्षी साउदर्न लीगचा विजेता होता का? नव्हता, दुसरा होता. विजेता होता चेम्सफर्ड. चेम्सफर्डचे खेळाडू वर्षभर जिंकत राहिले आणि त्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्यांचा गोल टीव्हीवर दिसला नव्हता. हेरेफोर्डचं यश मला मनापासून आवडतं, ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. पण एका गोलाच्या प्रसिद्धीने लीगमधली जागा मिळावी आणि एका मोसमाच्या मेहनतीने मिळू नये, हे मला पटत नाही.

विम्बल्डनचा दावा त्या मानाने भक्कम होता. 1975, 76, 77 असा सलग तीनदा तो साउदर्न लीगचा विजेता. 1975 च्या एफए कपात त्याने पहिल्या डिव्हिजनच्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवलं, मग लीड्सला त्यांच्या मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखलं. पीटर लोरिमरची पेनल्टी डिकी गायने अडवली ती याच सामन्यात. तरी 1975 मध्ये जागा नाही, 1976 मध्ये नाही. 1977 मध्ये अध्यक्ष रॉन नोड्स यांनी मतदार क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना गाठून जोरदार प्रचार केला, आणि 27 मतं आली. म्हणजे मैदानावर तीन वर्षं जे सिद्ध झालं होतं ते पुरलं नाही, गाठीभेटींनी काम झालं.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नऊ वर्षांत विम्बल्डन पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला आणि 14 मे 1988 ला वेम्ब्लीवर लिव्हरपूलला 1-0 हरवून एफए कप जिंकला. सांचेझचा गोल, ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवणारा बिझंट. मतदानाच्या समर्थकांना यात आपला विजय दिसतो: बघा, आम्ही योग्य क्लब निवडला! मला उलट वाटतं. जो क्लब नऊ वर्षांत चौथ्या डिव्हिजनमधून पहिल्या डिव्हिजनमध्ये चढू शकतो, त्याला दोन वर्षं दारात उभं ठेवणारी पद्धत कसली पारखी? आणि विगनला तर तिने तीसहून अधिक वेळा परत पाठवलं होतं. थकून 1972 मध्ये विगनने स्कॉटलंडच्या लीगकडे अर्ज केला होता! त्याच विगनने 2013 मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप उचलला.

1978 च्या त्या सभेनंतर पद्धतीचा खरा चेहरा दिसला. 1979 मध्ये बाहेरच्या क्लबांनी एकत्र येऊन आपली देशव्यापी स्पर्धा उभी केली, अलायन्स प्रीमियर लीग, म्हणजे मतं फुटायला नकोत, एकच तगडा उमेदवार पुढे करता येईल. पहिल्याच वर्षी अल्ट्रिंचम विजेता झाला. सभेत रॉचडेलला 26 मतं पडली, अल्ट्रिंचमला 25. अल्ट्रिंचमला शब्द दिलेल्या दोन क्लबांची मतं पडलीच नाहीत असं तेव्हापासून सांगितलं जातं. एक प्रतिनिधी वेळेवर पोचला नाही, दुसरा चुकीच्या जागी बसला. पुढच्या वर्षी अल्ट्रिंचम पुन्हा विजेता, पुन्हा नकार. मग रनकॉर्न, एनफिल्ड, मेडस्टोन, वेल्डस्टोन, पुन्हा एनफिल्ड. 1979 ते 1986 या आठ सभांमध्ये एकही नवा क्लब आत आला नाही, एकही जुना बाहेर गेला नाही. बाहेरचा दावेदार जितका रास्त होत गेला तितकं दार घट्ट झालं. दया ती हीच का?

दार उघडलं 1987 मध्ये. न्यायबुद्धी जागी झाली म्हणून उघडलं असं समजू नये. डिसेंबर 1985 मध्ये मोठ्या क्लबांनी वेगळं होण्याची धमकी देऊन टीव्हीच्या पैशांतला अर्धा वाटा आणि मतांचं जास्त वजन मिळवलं. त्याच सौद्यात तळाच्या एका क्लबने आपोआप खाली जायचं आणि बाहेरच्या विजेत्याने वर यायचं हे कलम होतं. श्रीमंतांच्या करारातून गरिबांची शिडी लागली.

9 मे 1987, त्या मोसमाचा शेवटचा दिवस. तळाला बर्नली. 1888 मध्ये लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक, दोनदा देशाचा विजेता. टॉर्की आणि लिंकनही धोक्यात होते. बर्नलीने ओरिएंटला 2-1 हरवलं. टॉर्कीच्या एका बचावपटूला पोलिसी कुत्रा चावला, त्याच्यावर उपचार होईपर्यंत खेळ थांबला, आणि त्या वाढीव वेळात टॉर्कीने बरोबरीचा गोल केला. लिंकन स्वान्झीला हरला आणि दिवसअखेर तळाला तोच होता. लिंकन खाली, स्कारबरो वर. आता विचार करा, त्या वर्षी जुनी पद्धत असती तर? बर्नली तळाला राहिला असता तरी त्याला कोणी हात लावला असता असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आणि लिंकनचं काय झालं? वर्षभरात खालची स्पर्धा जिंकून 1988 मध्ये तो परत आला. एका वर्षात! बॅरोला परत यायला 48 वर्षं लागली, तो आला 2020 मध्ये. वर्किंग्टन आणि साउथपोर्ट अजून आलेले नाहीत.

खाली जाणं ही शिक्षा नाही, तो खेळाचा भाग आहे. हेरेफोर्डलाच पाहा. 3 मे 1997 ला त्याच मैदानावर, जिथे रॅडफर्डचा गोल झाला होता, ब्रायटनशी त्याची गाठ पडली. हरेल तो लीगबाहेर. सामना 1-1 सुटला, गुण सारखे झाले, ब्रायटनचे एकूण गोल जास्त होते म्हणून तो वाचला. हेरेफोर्ड गेला. पुढे 2014 मध्ये तो क्लब कर्जात बुडून बंदच झाला आणि गावाने नवा उभारला. ब्रायटन आज प्रीमियर लीगमध्ये आहे. शिडी निर्दयी असते, मी नाकारत नाही. वर चढायच्या हव्यासापायी क्लब उधळपट्टी करतात हेही खरं. पण हेरेफोर्डच्या माणसाला त्या संध्याकाळी घरी जाताना आपण का गेलो हे ठाऊक होतं. 1977 मध्ये वर्किंग्टनच्या माणसाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. आदल्या वर्षी ज्या जागेवर माफी मिळाली, त्याच जागेवर यंदा का नाही, याचं उत्तर त्याला कोण देणार होतं?

विम्बल्डनच्याच गोष्टीचा दुसरा भाग मला या वादातला सर्वात मोठा पुरावा वाटतो. 28 मे 2002 ला तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्या क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायला परवानगी दिली. पुन्हा एक बंद खोली, पुन्हा मतं. ज्या चाहत्यांचा क्लब असा उचलून नेला, त्यांनी काही आठवड्यांत विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन उभा केला. सुरुवात वरून नवव्या पायरीवर. नऊ मोसमांत पाच बढत्या मिळवून 2011 मध्ये तो लीगमध्ये पोचला. त्यांनी कोणाला प्रचारासाठी गाठलं नाही, कोणाच्या चहाला गेले नाहीत. 1977 च्या नियमांत हे होऊच शकलं नसतं. त्या चाहत्यांची जिद्द आठव्या-सातव्या पायरीवर कुजली असती.

म्हणून आज इंग्लंडमध्ये जो वाद चालू आहे त्यात मी ठामपणे एका बाजूला आहे. शिडी लागली खरी, पण आतले लोक तिला कड्या लावत राहिले. 1994 मध्ये किडरमिन्स्टर, 1995 मध्ये मॅकल्सफील्ड, 1996 मध्ये स्टीव्हनेज: तिघंही विजेते, तिघांनाही मैदान निकषात बसत नाही म्हणून परत पाठवलं गेलं. 2003 पासून दोन क्लब वर जातात, दोन खाली येतात. चौथ्या पायरीवरून तिसरीवर मात्र चार जातात. ही तफावत का? पाचव्या पायरीचे क्लब 2025 पासून तिसऱ्या जागेची उघड मागणी करत आहेत. चौथ्या पायरीवरचे क्लब कां-कूं करतात, कारण एकदा खाली गेलं की दोनच जागांच्या चिंचोळ्या वाटेने परत यावं लागतं. पण वाट रुंद केली तर खाली जायची भीती कमी होते, वाढत नाही. तीन खाली जातील तेव्हा तीन परतही येतील.

हे सगळं मराठी वाचकाने का वाचावं? गोव्याच्या वाचकाला विचारा. देशाची लीग पाचदा जिंकलेला डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघं 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. कारण होती एक योजना: आय-लीगला खाली ढकलायचं आणि 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरचा दर्जा द्यायचा. त्या आयएसएलमध्ये प्रवेश तेव्हा खेळून मिळत नव्हता, फ्रँचायझीची रक्कम भरून मिळत होता. आय-लीग जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचं कशासाठी, हा त्या गोवेकर क्लबांचा प्रश्न आणि 1980 मधला अल्ट्रिंचमचा प्रश्न एकच होता. डेम्पो 2024 मध्ये खालच्या पायरीवरून खेळत पुन्हा आय-लीगमध्ये आला. मडगाव-पणजीत त्या दिवशी ज्यांना आनंद झाला असेल त्यांना बॅरोच्या माणसाची भाषा कळेल.

1962 मध्ये अक्रिंग्टन स्टॅनली कर्जापायी लीग सोडून गेला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर ऑक्सफर्ड युनायटेडला निवडलं गेलं. जुना स्टॅनली पुढे बंद पडला. गावाने 1968 मध्ये त्याच नावाने नवा क्लब सुरू केला, आणि तो अगदी खालून खेळत आला. 2006 मध्ये तो लीगमध्ये पोचला. त्या वर्षी ज्या दोन क्लबांनी जागा रिकामी केली, त्यातला एक होता ऑक्सफर्ड युनायटेड. चार वर्षांनी, 2010 मध्ये, ऑक्सफर्डही खेळून परत आला.